मी गाळलेला जबाब

एका माणसानं चार वाक्यांत दिलेला जबाब मी दोन शब्दांत उरकला, आणि त्यामुळे त्याच्या मुलीचं लग्न त्याच्याशिवाय लागलं. तो गुरुवार आठवला की आजही माझी मान खाली जाते. खात्यातल्या वीस वर्षांत मी चोऱ्या, मारामाऱ्या, दोन खून आणि एक दरोडा यांचा तपास केला. प्रशस्तिपत्रं मिळाली, फोटो छापून आले. पण आठवणी लिहायला बसलो की पहिला पुढे येतो तो हा प्रसंग, आणि तो खात्यात असतानाचा नाहीच. तरी तोच लिहितो, कारण पोलीस म्हणून माझी खरी परीक्षा तिथं झाली आणि तिच्यात मी नापास झालो. नाव कोणाचंही देत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी निरीक्षक असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली. बदल्यांना कंटाळलो होतो. अबू धाबीतल्या मेव्हण्यानं कळवलं होतं की एका बांधकाम कंपनीला कामगारांच्या कॅम्पवर सुरक्षा अधिकारी म्हणून पोलिसातला माणूस हवा आहे. गेलो. कॅम्प एका बेटावर होता. शहरापासून पश्चिमेला अडीच-तीन तास गाडी, मग धक्का, आणि धक्क्यापासून फेरीबोटीनं दोन तास. बोटीचा पुढचा दरवाजा पुलासारखा खाली पडायचा. त्यावरून पाण्याचे टँकर, भाजीच्या पिकअप, कधी बकऱ्या आणि शेवटी माणसं आत जायची. बायकांना वेगळी खोली होती. आमचे कामगार वरच्या डेकवर, छपराखाली.

कॅम्पात दीडशे माणसं होती. पठाण, केरळी, आंध्रचे आणि वीस-बावीस कोकणातले. दर गुरुवारी सकाळच्या बोटीनं ज्यांना सुट्टी असेल ते मुख्य भूमीवर जायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी परतायचे. कोण गेलं, कोण आलं याची नोंद माझ्याकडे. पद्धत अशी होती की बोटीत चढताना प्रत्येकानं आपलं लेबर कार्ड, ज्याला तिकडे सगळे बताका म्हणत, एका पत्र्याच्या डब्यात टाकायचं. पलीकडे उतरल्यावर ते परत घ्यायचं. डब्यातल्या कार्डांवरून मी रजिस्टर भरायचो.

खरं म्हणजे ही पद्धत नावापुरती होती. एकजण तिघांची कार्डं टाकायचा, उतरताना दुसराच पाचांची उचलायचा. मीही डोळेझाक करायचो. पण त्या महिन्यात हेड ऑफिसचं पत्रक आलं की कार्ड ज्याचं त्याच्याच हातात, चेहरा बघून द्यायचं. त्या गुरुवारी मी प्रथमच पलीकडच्या धक्क्यावर उभा राहून एकेक नाव पुकारलं. सगळी कार्डं वाटून झाली आणि एक माझ्या हातात उरलं.

कार्ड एका फिटरचं होतं. सळया बांधणारा, तिशीचा, कोकणातला. मी दोनदा नाव पुकारलं. तेव्हा त्याच्याच गावचा सुतार पुढे आला. पन्नाशीचा, सडपातळ. कॅम्पात त्याला सगळे तात्या म्हणत. मी मात्र 'ए सुतार' म्हणत असे. ती माझी खात्यातली खोड.

"साहेब, तो संडासात असेल. द्या माझ्याकडे, मी देतो त्याला," तात्या म्हणाला.

"तो आला की त्याला देईन."

वीस मिनिटं थांबलो. टँकर उतरले, बकऱ्या उतरल्या. संडास रिकामा होता. खलाशांना घेऊन मी बोट पालथी घातली. मागच्या बाजूला, कठड्यापाशी, बाकाखाली फिटरची निळी बॅग सापडली. माणूस नाही. कार्ड आहे, बॅग आहे, आणि मध्ये दोन तासांचा समुद्र. बोटीच्या कप्तानानं तिथूनच वायरलेसवर तटरक्षकांना कळवलं.

धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर पोलीस चौकी होती. तिथले प्रमुख एक तरुण अमिराती कॅप्टन. कामापुरती इंग्रजी आणि सिनेमे बघून आलेली हिंदी त्यांना यायची. मी पोलिसातला आहे हे कळल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. बॅगेची यादी आम्ही दोघांनी मिळून केली. दोन शर्ट, टूथब्रश, घरच्या पत्रांचा गठ्ठा. खूप दिवसांनी माझ्या हाताला पंचनाम्याचं काम लागलं होतं. आज कबूल करतो, मला त्यात आनंद झाला होता.

तेवढ्यात खबर आली. टँकरचा ड्रायव्हर, एक पठाण, चौकीच्या दारात येऊन उभा राहिला. "साब, मंगल को मेस में वो बुड्ढा और ये लड़का बहुत लड़ा. बुड्ढा बोला, मरना है क्या तेरे को? सबने सुना."

तात्याची पहिली गोष्ट खोटी निघाली होती. बॅग त्यानंच बोटीवर आणली हे दोघा कामगारांनी पाहिलं होतं. आणि आता हे भांडण. माझ्या डोक्यात आरोपपत्र तयार झालं. कॅप्टनना मी म्हटलं, "सर, हा घाबरला की मराठीच बोलतो. मी दुभाष्या होतो." त्यांना बरं वाटलं. जाणकार माणूस मिळाला असं त्यांना वाटलं असणार.

तात्याला समोर बसवलं. मी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. "फिटर कुठाय?"

तो हाताच्या बोटांकडे बघत म्हणाला, "साहेब, संडासाचं मी खोटं बोललो, चुकलं. पण तो पाण्यात पडलेला नाही, तो बोटीवर नव्हताच. जिवंत आहे, शनिवारी दुपारी तुमच्यासमोर उभा राहील, त्याच्याआधी मला काही विचारू नका. आणि त्या बोटवाल्यांना सांगा, उगाच शोधत फिरू नका म्हणावं."

कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ही डिनाइज, सर."

एवढंच.

का, हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलं आहे. तालुक्याच्या ठाण्यात असताना एका आरोपीनं अशीच दोन दिवसांची मुदत मागून मला गंडवलं होतं. तो राग मनात होता. 'शनिवार' ही वेळ काढण्याची युक्ती आहे, असं माझ्यातल्या पोलिसानं ठरवलं. आणि कॅप्टन तरुण, भला माणूस. तो विरघळेल आणि हातची केस जाईल, असंही वाटलं. नव्या शिपायांना मी स्वतः शिकवत असे की जबाब लिहिताना माणूस बोलतो ते शब्दशः लिहायचं, त्यात आपलं डोकं घालायचं नाही. रात्रपाळीच्या अंमलदारानं स्टेशन डायरीत एक शब्द बदलला म्हणून मी त्याला सर्वांसमोर झापलं होतं. आणि इथं मी चार वाक्यं गिळून टाकली.

तात्याला चौकीतच ठेवलं. त्याला दोन दिवसांनी, शनिवारी सकाळच्या विमानानं गावी जायचं होतं. अडीच वर्षांनी रजा मिळाली होती आणि पुढच्या मंगळवारी थोरल्या मुलीचं लग्न होतं. हे मला ठाऊक होतं, कारण रजेच्या अर्जावर माझीच सही होती. कंपनीच्या वतीनं माझ्याजवळ असलेला त्याचा पासपोर्ट चौकीच्या ताब्यात गेला.

शुक्रवारी मी ते विमान हत्यारासारखं वापरलं.

"सुतार, पोरीचं लग्न मंगळवारी ना?"

"हो साहेब."

"मग बोल आणि विमान पकड. मी स्वतः विमानतळावर सोडतो."

"शनिवारी दुपारी सांगतो साहेब. काल बोललोय ना मी."

"शनिवारी दुपारी विमान समुद्रापार गेलेलं असेल."

"ठाऊक आहे."

"मुलीपेक्षा हा फिटर मोठा झाला तुला?"

त्यावर त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. पण तोंड उघडलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ माणसं रडताना पाहिली. खोटं रडणारा माणूस मधून मधून समोरच्याकडे बघतो. तात्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. हे मी टिपलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही. नमाजानंतर कॅप्टन सुट्टी असूनही घरचा भात घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं त्याच्यापुढे ताट ठेवलं. "खाओ, चाचा," म्हणाले. मला ते बावळटपणाचं वाटलं. बाहेर तटरक्षकांच्या दोन बोटी दुसऱ्या दिवशीही उन्हात फिरत होत्या.

शनिवारी सकाळी विमानाची वेळ झाली तेव्हा मी मुद्दाम समोर जाऊन बसलो. तात्यानं घड्याळाकडे पाहिलं, हात जोडले आणि हळूच म्हणाला, "गेलं."

अकराच्या सुमारास कॅप्टन आले. त्यांनी मला सांगितलं, "पूछो, अभी कुछ बोलना है?"

मी विचारलं. तात्या सरसावून बसला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. "आता सांगायला हरकत नाही साहेब, दहा वाजून गेले. पहिल्या दिवशी बोललो तेच. तो जिवंत आहे, दुपारपर्यंत इथं येईल. तो अबू धाबीला लेबर कोर्टात गेलाय, साक्ष द्यायला. बुधवारी संध्याकाळीच मासेमारांच्या लाँचनं गेला."

मी ऐकत होतो, पण तोंडातून सवयीनं निघालं, "सेम थिंग, सर."

कॅप्टननी हात वर केला. "सदीक," ते म्हणाले. त्यांच्याकडे मित्राला असं म्हणतात. "वो इतना बोला." त्यांनी दोन्ही हात लांब पसरले. "तुम इतना बोला." अंगठा आणि तर्जनीची चिमूट दाखवली. "बाकी किधर गया?"

तात्याला वाटलं साहेब चेष्टा करतायत. तो जरासा हसलाही.

मी इंग्रजीत सगळं सांगितलं, आत्ताचं आणि गुरुवारचंही. कॅप्टननी मध्येच थांबवलं. "थर्सडे? ही टोल्ड यू धिस ऑन थर्सडे?"

"येस, सर."

ते उठले, फोनपाशी गेले आणि अरबीत तटरक्षकांना शोध थांबवायला सांगितला. फोन ठेवल्यावरही बराच वेळ त्यांची पाठ माझ्याकडे होती.

हकिकत साधी होती. आंध्रचा एक गवंडी परांचीवरून पडून पायानं अधू झाला होता. तो कामाच्या वेळेत पडलाच नाही, असं कंपनीनं लिहून दिलं होतं. फिटरनं त्याला पडताना पाहिलं होतं. साक्ष शनिवारी सकाळी होती. साक्षीदार म्हणून नाव नोंदवायला गुरुवारी कचेरी बंद होण्याआधी अबू धाबीत पोचायला हवं होतं, आणि फेरीबोटीनं ते जमत नव्हतं. म्हणून लाँच. बेट न विचारता सोडलं की कंपनी पळाल्याची तक्रार करणार, म्हणून तात्यानं त्याचं कार्ड डब्यात टाकलं, म्हणजे तो रजिस्टरात सुट्टीवर दिसेल. लाँचवर ओझं नको म्हणून बॅगही यानंच आणली.

"आणि मेसमधलं भांडण?" मी विचारलं.

"मीच ओरडलो त्याच्यावर. म्हटलं मरायचंय का तुला, नोकरी जाईल. ऐकेना. मग म्हटलं जा, मी बघतो."

"मला सांगायचंस."

"तुम्ही कंपनीचे ना, साहेब," तात्या शांतपणे म्हणाला. "तुम्हाला सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं. त्याला शुक्रवारीच विमानात बसवला असता."

हे खरं होतं. पत्रक आलं असतं तर मीच बसवला असता.

अडीच वाजता फिटर आला. परतीची बोट पकडायला धक्क्यावर उतरला आणि शिपायानं त्याला चौकीत आणला. इथं काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. दारातूनच म्हणाला, "तात्या, माझी बॅग कुठाय?"

"तुझ्या बॅगेचा पंचनामा झालाय, शहाण्या," तात्या म्हणाला. "आणि तुझं विसर्जनसुद्धा. साक्ष झाली का?"

"झाली. जज्जानं लिहून घेतली."

"खलास मग."

तेवढंच बोलून तात्यानं खुर्चीतच डोळे मिटले. दोन दिवस तो झोपला नव्हता.

संध्याकाळी कॅप्टन मला धक्क्याकडे घेऊन गेले. "मैं रिपोर्ट में नहीं लिखेगा," ते म्हणाले. "लिखेगा तो तुम्हारा नौकरी, वीजा, सब खलास. तुम्हारा भी बच्चा है. लेकिन तुम उसको बोलो. तुम खुद."

"इन्शाल्ला, सर."

"इन्शाल्ला नहीं. हाँ बोलो."

"हाँ," मी म्हणालो. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या त्या अधिकाऱ्याचे उपकार मी विसरलेलो नाही. त्यांनी माझा संसार वाचवला आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली.

पासपोर्ट सोडवायला सरकारी वकिलांच्या कचेरीची सही लागत होती. कॅप्टनचं पत्र घेऊन मी रविवार, सोमवार अबू धाबीत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो-उतरलो. ती धावपळ पश्चात्तापानं केली की भीतीनं, हे मला आजही ठरवता येत नाही. तात्या माझ्यासोबत होता. सोमवारी रात्रीच्या विमानांत जागा नव्हती. मंगळवारी दुपारचं तिकीट मिळालं. त्या वेळेला गावी मुहूर्त टळून गेलेला होता. कन्यादान त्याच्या भावानं केलं.

विमानतळावर तात्यानं माझे दोन्ही हात धरले. "साहेब, तुम्ही नसतात तर त्या परक्या भाषेत माझं कोण ऐकणार होतं? तुमच्यामुळे सुटलो. निदान पोर पाचपरतवनाला माहेरी येईल तेव्हा तरी पोचेन."

मी तिथंच सांगायला हवं होतं. सांगणार होतो. तेवढ्यात त्याच्या विमानाची घोषणा झाली, आणि खरं सांगायचं तर ती घोषणा झाली म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

नंतर सगळं आपापल्या वाटेनं गेलं. गवंड्याच्या बाजूनं निकाल लागला. फिटरला कंपनीनं काढलं. तो अजमानला एका वर्कशॉपमध्ये लागला. तात्याला बेटावरच्याच दुसऱ्या ठेकेदारानं ठेवून घेतलं, चांगला सुतार कोणाला नको असतो? मीही वर्षभरात ती नोकरी सोडली, दुबईत एका गोदामाची सुरक्षा सांभाळू लागलो आणि भाडं परवडतं म्हणून अजमानला घर घेतलं.

आणि दर वर्षी पिशव्या येऊ लागल्या. गावाहून येणाऱ्याच्या हाती घरचं सामान पाठवायची तिकडे रीतच आहे. तात्या रजेवरून परतला, किंवा त्याच्या गावचं कोणी आलं, की फिटर आमच्या दारात पिशवी घेऊन उभा. आमसुलं, कुळथाचं पीठ, एकदा फणसपोळी. चिठ्ठीवर एकच ओळ असायची: साहेबांना, आठवणीनं.

मी सहा वर्षं ते खाल्लं.

"एवढं आठवणीनं पाठवतात," बायको म्हणायची. "तुम्ही असं काय केलं होतंत हो त्यांच्यासाठी?"

मी विषय बदलायचो. एका शुक्रवारी दुपारी पानात कुळथाचं पिठलं होतं आणि तिनं पुन्हा तेच विचारलं. कोण जाणे का, पण त्या दिवशी मला बदलायला विषय सापडला नाही. मी सगळं सांगितलं. बायकोनं हातातला घास खाली ठेवला. आमची मुलगी तेव्हा दहावीत होती. ती सगळं इंग्रजीतच बोलायची.

"वेट, बाबा. सो ही थिंक्स यू सेव्ड हिम?"

"हो."

"दॅट्स वर्स."

"कळतं मला."

"देन गो अँड टेल हिम, ना. हाऊ हार्ड इज इट?"

किती कठीण, हे तिला सांगता आलं नसतं. वीस वर्षं दुसऱ्यांकडून कबुली घेण्यात गेलेल्या माणसाला स्वतःची कबुली द्यायची पद्धतच माहीत नसते. बायको एवढंच म्हणाली, "पुढची पिशवी यायच्या आत जा."

फिटरकडून कळलं की तात्या नोकरी आवरून कायमचा गावी निघालाय. त्याच आठवड्यात मी रजा टाकली. सकाळच्या बोटीनं बेटावर गेलो. बोट नवीन होती, मोठी होती, थंडगार हवेची खोली होती. तात्या धक्क्यावर दोन ट्रंका आणि हत्यारांची पेटी घेऊन बसला होता. केस पांढरे झाले होते.

"अरे साहेब! मला न्यायला आलात?"

"हो तात्या. तुमच्याबरोबर पलीकडे येतो."

मी त्यांना अहो-जाहो करतोय हे त्यांच्या लक्षात आलं. बोट सुटली. आम्ही डेकवर, सावलीत बसलो. बेटाची मशीद दिसेनाशी होईपर्यंत मी नातवंडांची चौकशी करत राहिलो. मग सांगितलं. गुरुवारी ते काय बोलले होते, आणि मी कॅप्टनना काय सांगितलं. त्यांचं बोलणं कॅप्टनपर्यंत शनिवारपर्यंत पोचलंच नव्हतं, हे सांगितलं. ते पोचलं असतं तर कॅप्टननी त्यांना विमानात बसवलं असतं, असं मला वाटतं, हेही सांगितलं.

तात्यांचा चेहरा हळूहळू बंद झाला. ते उठले आणि बोटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. अर्धा तास तरी ते तिकडेच होते. मी गेलो नाही. तेवढा त्यांचा हक्क होता.

ते परत आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "म्हणजे ते बोटवाले दोन दिवस उगाचच फिरले? उन्हातान्हात?"

"हो."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो. सांगितलं होतंत."

"मला वाटायचं, कॅप्टनचा माझ्यावर विश्वास बसला नसेल. त्याच्या घरचा भात खाताना मनात रागच होता माझ्या. चांगला माणूस होता बिचारा. घरी काय सांगितलंय ठाऊक आहे? वारा सुटला, बोटी बंद होत्या, म्हणून विमान चुकलं. चौकीत बसलो होतो असं कसं सांगणार? नवं सोयरं. मुलीला काय वाटलं असतं?"

"तिला अजून तसंच वाटतं?"

"दर दिवाळीला बोलून दाखवते. बाबा, एक दिवस आधी निघायला काय झालं होतं? मी आपला गप्प." त्यांनी प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. "मला सांगितलंत, बरं केलंत. राग आलाय, तो जाईल की नाही आत्ता सांगू शकत नाही. पण साहेब, लग्न माझं नव्हतं."

मी समजलो.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर दोन गोष्टी सांगतो. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो हे खरं, पण तो गुन्हाच लपवत असेल असं नाही. कधी कधी तो दुसऱ्याचं भलं झाकून बसलेला असतो. आणि चौकशी करणाऱ्याचं निम्मं काम प्रश्न विचारण्यात असतं, उरलेलं निम्मं मिळालेलं उत्तर जसंच्या तसं पुढे नेण्यात. मी पहिल्या निम्म्यावर वीस वर्षं नाव कमावलं. दुसरं निम्मं एका सुतारानं आणि एका तरुण कॅप्टननं मला शिकवलं. दोघांनीही मला उद्ध्वस्त करायची संधी असताना केलं नाही. त्यांची नावं मी रोज घेतो, इथं लिहीत नाही एवढंच.

बोट लागली. धक्क्यावर टेलिफोनचं बूथ होतं. तात्यांनी खिशातून कार्ड काढलं. "तीस दिरहमचं आहे, म्हणजे आपले पावणेचारशे रुपये. चार-पाच मिनिटं सहज मिळतील," म्हणाले, आणि नंबर फिरवला. पलीकडून उचलल्यावर म्हणाले, "अगं, मीच. उद्या निघतोय. ऐक, इथं एक साहेब आहेत. ते सांगतील ते नीट ऐकून घे. नाही, मी बरा आहे. ऐक तू."

त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि माझ्या शेजारीच उभे राहिले.

"हॅलो? कोण बोलतंय?" तिचा आवाज घाबरलेला होता. मागे एक मूल रडत होतं.

मी स्वतःचं नाव सांगितलं. मग म्हणालो, "ताई, तुमच्या लग्नाच्या वेळी इथं वारा सुटला नव्हता. बोटी चालू होत्या. तुमचे बाबा दोन दिवस आधीच निघाले होते, वेळेवर. एका माणसाची साक्ष व्हावी म्हणून ते गप्प राहिले, आणि ते जे थोडं बोलले ते मी पोलीस कॅप्टनना सांगितलं नाही. म्हणून त्यांना चौकीत बसावं लागलं. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना तुमच्या लग्नाला मी येऊ दिलं नाही. मी तुमची माफी मागतो."